कळ कुठली, सुई कुठे?

आपल्या भाषेने कमरेला जितके राबवले आहे, तितके दुसऱ्या कुठल्या अवयवाला राबवले नसेल. कामाला लागायचे तर कंबर कसायची, संकट आले तर कंबर बांधायची, महागाई वाढली की कंबरडे मोडायचे आणि म्हातारपण आले की कमरेत वाकायचे. पंढरीचा विठोबासुद्धा कमरेवर हात ठेवूनच उभा! पण एवढ्या मानाचा हा अवयव खरोखर दुखू लागला, की घरात त्याला कुणी विचारत नाही. ताप आला तर थर्मामीटर बोलतो, पाय मोडला तर प्लास्टर दिसते. कंबर दुखते ती फक्त जिची दुखते तिलाच कळते. आणि 'जिची' हे स्त्रीलिंग मी मुद्दाम वापरले आहे.

आमच्या तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खारपाणपट्ट्यापर्यंत कुठेही जा, शेतात वाकलेली दिसते ती बाईच. पुरुष वखरामागे, डवऱ्यामागे किंवा आता ट्रॅक्टरवर. पेरणीनंतरचे निंदण तिचे, आणि सीतादही झाली की उलंगवाडीपर्यंत कापसाची वेचणी तिची. कमरेला ओटी बांधलेली, तिच्यात कापूस साठत जातो आणि वजन वाढत जाते. मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे ओटी लवकर रिकामी करणे परवडत नाही. संध्याकाळी गाठोडे डोक्यावर. घरी येऊन पुन्हा वाकायचे ते चुलीपुढे. यात मधली दोन-तीन बाळंतपणे धरा. हा हिशेब मी बँकेत बसून मांडलेला नाही. आमच्या घरातल्या बायकांची आयुष्ये याच हिशेबात गेली आहेत.

मी एकतीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. त्यातली बरीच वर्षे वऱ्हाडातल्या तालुक्यांच्या शाखांत. सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर माणसे कशासाठी येतात हे पेरणीच्या दिवसांत विचारावे लागत नाही. पण भर हिवाळ्यात, कापूस घरात येत असताना कुणी पोत काढून ठेवायला आला, तर समजावे, दवाखाना आहे. आणि दवाखान्यातही दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले, की ते माझ्या एका कादंबरीतही आले: 'गॅप' आणि 'पिशवी'.

'मणक्यात गॅप आला' हे वाक्य आता खेड्यातली म्हातारीही सहज बोलते. जुन्या काळी तिला उसण भरायची, चमक निघायची. मग निरगुडीच्या पाल्याचा शेक, बिब्बा, आणि कुणी पायाळू माणूस हाताशी असला तर त्याची कमरेवर हलकी लाथ! आमच्या गल्लीत असा एक पायाळू होता. त्याला अगदी पाटलांच्या वाड्यावरूनही बोलावणे येई आणि गावातल्या थोरामोठ्यांना लाथ मारण्याचा असा अधिकार लाभलेला तो तेल्हाऱ्यातला एकमेव माणूस असावा. बहुतेक उसणी आपोआप आठ-पंधरा दिवसांत उतरतात, त्यामुळे त्याची कीर्ती अबाधित राहिली.

गॅपची गोष्ट मात्र लाथेवर भागत नाही. एमआरआय काढला जातो, त्यात दोन मणक्यांमधली गादी झिजलेली किंवा थोडी बाहेर आलेली दिसते, आणि दुखण्याचे खापर तिच्यावर फुटते. पण ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशांचे फोटो काढले तर काय दिसते? हे अमेरिकेत १९९४ साली पाहिले गेले. ९८ निरोगी माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. झिजलेली गादी ही पांढऱ्या केसांसारखी वस्तू आहे. दिसते, पण दुखतेच असे नाही. फोटोत काय दिसते आणि दुखते कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा प्रश्न विचारायला रुग्णाच्या कमरेला हात लावावा लागतो. तेवढा वेळ आता कुणापाशी नाही.

दुसरा शब्द 'पिशवी'. तो अधिक भयंकर आहे. बाईचे ओटीपोट दुखते, कंबर भरून येते, अंगावरून जाते, की गर्भाशय काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या बाबतीत काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या सगळ्याच शस्त्रक्रिया चुकीच्या होत्या असे मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण फडात दिवसभर वाकून मोळ्या उचलणाऱ्या बाईच्या ओटीपोटात आणि कमरेत कळ येते तेव्हा ती हाडांतून, सांध्यांतूनही येत असेल, हे त्यातल्या कितींच्या बाबतीत तपासले गेले असेल? बाई म्हटली की दुखणे पिशवीचेच, ही समजूत बीडपुरती नाही.

माझ्या थोरल्या वहिनींना चाळिशीत असाच सल्ला मिळाला होता. दुसऱ्या बाळंतपणापासून त्यांची कंबर धरत असे. त्यात एकदा कापसाने भरलेल्या गाडीवरून त्या बसक्याने खाली आल्या, तेव्हापासून उजव्या बाजूला ठणका कायमचा बसला. कुल्ल्याच्या वर, जांघेत, कधी मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत. "काय सांगू भाऊजी, बसलं तं उठाले होत नाही, अन् उठलं तं बसाले होत नाही," असे त्या हसत सांगत. पिशवी काढायला त्या तयार झाल्या नाहीत, त्याचे कारण वैद्यकीय नव्हते. वेचणी चालू होती आणि महिनाभर घर कोण सांभाळणार, हा प्रश्न होता. पुढे पाळी थांबली, तिलाही दहा-बारा वर्षे झाली, पिशवी आपल्या जागी निमूट निजली, पण कंबर जागीच राहिली. म्हणजे चोर तिथे नव्हताच.

मग चोर कुठे होता? आपल्या कमरेच्या मागे, खाली, दोन्ही बाजूंना दोन खळ्या असतात. माकडहाडाच्या वर एक त्रिकोणी हाड आहे, त्याला त्रिकास्थि म्हणतात. ते दोन्हीकडे कमरेच्या पसरट हाडांना जिथे भेटते, ते हे दोन सांधे त्या खळ्यांच्या आसपास खोल दडलेले आहेत. डॉक्टर त्याला 'सॅक्रोइलियक' किंवा नुसता 'एसआय' सांधा म्हणतात. गुडघ्यासारखा हा सांधा वाकत नाही, तो जेमतेम दोन-चार अंश हलतो. पण धडाचे सगळे ओझे पायांकडे उतरते ते याच दोन बिजागऱ्यांवरून. गरोदरपणात बाळाला वाट देण्यासाठी याचे बंध सैल होतात आणि पाचातल्या साधारण एका गरोदर बाईला इथे दुखते. बहुतेकींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत थांबते, काहींचे थांबत नाही. जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांत पंधरा ते तीस टक्क्यांच्या दुखण्याचे मूळ या सांध्यात असते, असे तज्ज्ञ सांगतात.

या सांध्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कंबरदुखी म्हटली की डॉक्टर यालाच धरत. १९०५ साली बोस्टनच्या गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी त्यावर लिहिले आणि या सांध्याला चांगले दिवस आले. मग १९३४ साली बोस्टनच्याच मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या गादीचा शोध जाहीर केला आणि सगळी पालखी गादीच्या दारात गेली. पुढची पन्नासेक वर्षे हा सांधा जवळजवळ विसरला गेला. वैद्यकशास्त्रातही फॅशन असते, लुगड्यांसारखी. फक्त लुगडे जुने झाले तर कुणाची कंबर दुखत राहत नाही!

त्याला परत आणले ते सुईने. १९९४ साली फॉर्टिन नावाच्या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुखणे नसलेल्या दहा माणसांच्या या सांध्यात सुईने द्रव भरून मुद्दाम कळ उठवली आणि ती कुठे कुठे जाणवते त्याचा नकाशा काढला. त्या खळीपासून खाली साधारण दहा सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद पट्टा निघाला. दुखणे नेमके एका बोटाने दाखव म्हटल्यावर रुग्णाने पुन्हा पुन्हा त्याच जागी बोट ठेवले, तर संशय या सांध्यावर. केवढी साधी परीक्षा! तिला ना वीज लागते, ना फिल्म. पुढे पाय दुमडून, दाबून, ताणून पाहण्याच्या आणखी काही परीक्षा आहेत. त्यांतल्या तीन किंवा जास्त परीक्षांत नेहमीची ओळखीची कळ उठली तर संशय पक्का होत जातो. पण संशयच. खात्री करायला सुई लागते.

ही सुई म्हणजे दंडात किंवा कुल्ल्यात टोचायचे इंजेक्शन नव्हे. सांधा खोल, वाकडातिकडा आणि त्याची फट अरुंद. नुसत्या हाताच्या अंदाजाने टोचले तर काय होते, याची तपासणी २००० साली सीटी स्कॅनखाली झाली, तेव्हा शंभरातली जेमतेम बावीस इंजेक्शने खरोखर सांध्याच्या आत पोचलेली दिसली. उरलेली अठ्ठ्याहत्तर आजूबाजूच्या मांसात! म्हणून रुग्णाला पालथे झोपवून वर 'सी-आर्म' नावाचे क्ष-किरण यंत्र ठेवतात. इंग्रजी सी अक्षरासारखी त्याची कमान असते आणि पडद्यावर हाडे हलती दिसतात. कातडी बधिर करून बारीक लांब सुई सांध्याच्या खालच्या भागात नेतात, थेंबभर रंगद्रव्य सोडतात. ते फटीत पसरलेले पडद्यावर दिसले की सुई घरात पोचली. मग भुलीचे औषध आणि बहुधा त्याबरोबर स्टेरॉइड, मिळून एक-दोन मिलिलिटर. काही ठिकाणी सी-आर्मऐवजी सोनोग्राफीवर पाहून देतात. सगळा खेळ अर्ध्या तासाच्या आतला.

आता इथे माझ्यासारख्या बँकवाल्याला जी गोष्ट सगळ्यात आवडते ती सांगतो. शाखेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, की आम्ही एकेक व्हाउचर बाजूला ठेवून पाहत असू. हे काढले आणि फरक मिटला, म्हणजे घोटाळा इथेच. भुलीचे औषध नेमके तेच करते. सांधा चार-सहा तासांपुरता बधिर होतो. तेवढ्या वेळात नेहमीची कळ बहुतांश गेली, तर दुखणे या सांध्याचे. काडीचाही फरक पडला नाही, तर सांधा निर्दोष, दुसरीकडे शोधा. म्हणजे ही सुई आधी प्रश्न आहे, मग उपाय. पण म्हणूनच ते चार-सहा तास महत्त्वाचे. रुग्णाने घरी जाऊन झोपून राहायचे नाही. ज्या हालचालीने कळ यायची तीच करून पाहायची आणि तासातासाला दुखणे किती आहे ते लिहून ठेवायचे. आमच्याकडे काय होते? इंजेक्शन झाले, की नातेवाईक रुग्णाला जपून गाडीत आडवे करतात आणि ती बिचारी तेल्हाऱ्यापर्यंत ग्लानीत येते. प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकायला कुणी थांबलेच नाही!

वहिनींचे मात्र नीट झाले. अकोल्यातल्या तरुण डॉक्टरांनी आधी वीस मिनिटे त्यांना तपासले, बोट ठेवायला लावले. सुईनंतर तासाभराने जिना चढायला लावला. वहिनी जिना चढल्या, उतरल्या, आणि कुणी न सांगता पुन्हा चढल्या. "उजव्या अंगाले कोणी काही म्हणूनच नाही राह्यलं," एवढेच म्हणाल्या. स्टेरॉइडचा गुण दोन-चार दिवसांनी उतरला आणि साडेचार महिने टिकला. मग दुखणे परत आले, पण निम्मे. मला यात चमत्कार दिसत नाही. वीस वर्षे 'तुम्हाला काही झालेले नाही' किंवा 'पिशवी काढा' एवढेच ऐकलेल्या बाईला आपल्या दुखण्याचा पत्ता मिळाला, हे मात्र मला मोठे वाटते. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना, माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा मान राखावा, असे बजावून सांगितले. हे सांगायला २०२० उजाडावे लागले!

दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ सालीच कंबरदुखीसाठी पाठीत इंजेक्शने देऊ नयेत असे सांगितले. २०२५ च्या फेब्रुवारीत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने आणखी कडक शब्दांत, तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीवर सांध्यांतली, मणक्यांभोवतीची इंजेक्शने आणि शिरा जाळण्याचे उपाय करू नयेत, अशी शिफारस केली. त्यावर वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी हरकत घेतली, की तुम्ही सगळ्या प्रकारची दुखणी एका पोत्यात भरलीत. मला दोघांचेही काही पटते. निदान न करता सरसकट टोचलेल्या सुयांची सरासरी काढली, तर ती शून्याजवळ जाणारच. पण ज्याला नेमका सांधा सापडला त्यालाही ही सुई काही आठवडे, फार तर काही महिने देते, हे इंजेक्शन देणारेही कबूल करतात. जन्माचा आराम कुणी कबूल करत असेल तर त्याच्याकडून ते लिहून मागावे.

एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीला, तपासणीच्या टेबलावर चढण्याआधीच, तीन इंजेक्शनांचे 'पॅकेज' सांगितले गेले. एकदम पैसे भरल्यास सवलत. मी सोबत होतो. मी विचारले, पहिल्याने गुण आला नाही तर उरलेली दोन कशासाठी? समोरचा गृहस्थ सभ्य होता, त्याने चहा मागवला. उत्तर दिले नाही. अहो, पहिले इंजेक्शन 'हा सांधा नव्हे' असे सांगत असेल तर त्याच सांध्यात दुसरे देणे म्हणजे बुडीत खात्याला पुन्हा कर्ज मंजूर करणे! आणि अशा हप्त्यांसाठी पोत गहाण पडते, हे मी खिडकीच्या या बाजूने पाहिले आहे. एक सुई, नीट तपासून, नीट नोंद ठेवून. दुसरीचा विचार पहिलीचे उत्तर वाचल्यावर.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तर आपणच सांगाव्यात. मधुमेह असेल तर स्टेरॉइडने साखर काही दिवस, क्वचित आठवडाभराहून जास्त, चढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गर्भ राहिल्याची शक्यता असेल, अंगात ताप किंवा कुठे पू असेल, तर आधीच बोलावे. सांध्यात जंतू असतील तर स्टेरॉइड म्हणजे चोराच्या हाती किल्ली. आपल्या देशात मणक्याचा आणि या सांध्याचा क्षय अजून आहे. गुरांच्या संगतीत राहणाऱ्या, कच्चे दूध पिणाऱ्या घरांत ब्रुसेलोसिस नावाचा ताप याच सांध्याला धरतो. खेड्यातल्या माणसाला म्हणूनच शहरी पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारावे लागतात. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर पहाटे आखडते आणि हिंडल्याफिरल्यावर सुटते, तेव्हा तो आळशी नसून त्याला सांधे धरणारा संधिवात असू शकतो; त्याला इंजेक्शनाआधी संधिवातज्ज्ञ दाखवावा. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. आणि स्वच्छतेचे म्हणाल तर अमेरिकेत २०१२ साली एका औषधनिर्मात्याच्या बुरशी लागलेल्या स्टेरॉइडमुळे साडेसातशेच्या वर माणसे आजारी पडली, साठाहून अधिक दगावली. औषधाची बाटली आपल्यासमोर फोडा म्हणणे हा उद्धटपणा नव्हे.

सुई कळ थांबवते ती कशासाठी, तर त्या उसंतीत कमरेभोवतीचे, कुल्ल्यांचे, पोटाचे स्नायू बळकट करता यावेत यासाठी. हे न करता नुसती उसंत घेतली, तर बाई पुन्हा वेचणीला जाते आणि महिनाभरात होती तिथे येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन काढले. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. त्यांच्यासाठी संघटना सुचवते काय, तर दुखणे समजावून सांगणे, व्यायाम, हाताने करायच्या काही उपचारपद्धती, मनाला आधार. आणि नको म्हणते काय, तर कमरेचे पट्टे, वजन लावून ताणणे, अफूच्या जातीच्या गोळ्या. आमच्याकडे प्रत्येक मेडिकलच्या दारात टांगलेला पट्टा त्यात आला! वहिनींकडे असे तीन पट्टे आहेत. एकाने सध्या लोणच्याच्या बरणीचे झाकण बांधलेले आहे.

म्हणून तालुक्याला सी-आर्म द्या अशी मागणी मी करणार नाही. ते यंत्र अकोल्यात, अमरावतीत असावे, चालवणारा शिकलेला असावा, आणि तिथे जायची पाळी मोजक्यांवर यावी. मागणी आहे ती फिजिओथेरपिस्टची. दर आठवड्याला एक दिवस, तोही बाजाराचा दिवस पाहून, म्हणजे वेगळी मजुरी बुडणार नाही. त्याला किंवा तिला एक सतरंजी पुरे. गर्भवतींना आणि बाळंतिणींना आशाताई घरी भेटतातच. बाळाचे वजन करताना आईची कंबर कशी आहे, एका बोटाने कुठे दुखते, एवढे विचारायला नवी योजना लागत नाही. ओटी किती किलोची झाली की सोडायची, हे ठरवणे शेतमालकांच्या हातात आहे. शेताच्या बांधावर दर दोन तासांला दहा मिनिटे पाठ टेकायला जागा देणेही त्यांच्याच हातात. त्या दहा मिनिटांचा कापूस किती होतो, याचा हिशेब मी करून पाहिला आहे. आमच्या शेतातल्या बायकांच्या गतीने तो अर्ध्या-पाऊण किलोच्या वर जात नाही.